अर्थ पाठ, शब्द अनोळखी

आपल्याकडे इंग्रजीच्या वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. वही मात्र तीच राहिली. मुलं दहा-बारा वर्षं शब्दार्थ पाठ करतात, आणि चार वाक्यं बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. मग आपण म्हणतो, मुलाचं इंग्रजी कच्चं आहे. मला विचाराल तर कच्ची आहे ती रेघ. तिच्या जागी आपण मनातल्या मनात बरोबरचं चिन्ह घालतो, आणि दोन भाषांतले शब्द असे सहसा बरोबर नसतात.

आपला 'लाज' हा शब्द घ्या. माझ्या ओळखीतली एक मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. वडील हातगाडीवर बांगड्या विकतात. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ती मुलाखतीला गेली, तिथं घरच्यांविषयी विचारलं. तिला सांगायचं होतं की अब्बांसमोर मी फार बोलत नाही, लाज वाटते. आमच्या घरांत ही लाज म्हणजे अदब. तिनं पाठ केलेला शब्द काढला आणि म्हणाली, 'आय फील अशेम्ड इन फ्रंट ऑफ माय फादर.' समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचा प्रश्न आला, 'व्हाय? व्हॉट डिड यू डू?' म्हणजे, असं काय केलंस तू? पोरगी गडबडली, आणि पुढं तिला धड बोलताच आलं नाही. तिच्या वाक्यात व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही.

आता याच शब्दांची नीट ओळख करून घेऊ. आपल्या हातून काही वाईट घडलं, किंवा आपल्या माणसाच्या हातून घडलं, म्हणून मनाला जी टोचणी लागते ती असलेला माणूस 'अशेम्ड'. लोकांशी बोलायला जो बुजतो, ज्याचा स्वभावच तसा आहे, तो 'शाय'. आणि चारचौघांत फजिती झाली, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटून जो अवघडला, तो 'एम्बॅरस्ड'. पहिल्यात अपराध आहे, दुसऱ्यात स्वभाव, तिसऱ्यात भोवतालची माणसं. खिशातल्या छोट्या डिक्शनरीत मात्र तिन्हींसमोर 'लाज' किंवा 'लाजणे' याच्याच आसपासचं काही दिसेल. या मुलीला बिचारीला 'शाय' हा शब्द येत होता. तो कुठं वापरायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ज्याला व्याख्या म्हणतो ती ही. व्याख्या म्हटलं की भूमिती आठवून काही जणांच्या पोटात गोळा येतो, पण इथं फार मोठं काही नाही. शब्दाच्या जागी दुसरा शब्द न ठेवता तो कधी, कोण, कशासाठी बोलतं हे सोप्या भाषेत सांगायचं, एवढंच. माझ्या घरात दखनी बोलली जायची. मराठी मी शाळेत गेल्यावर शिकलो. गुरुजींना दखनी येत नव्हती, त्यामुळे मराठी शब्दाचा अर्थ ते मराठीतच फोड करून सांगायचे. 'हिरमुसला' म्हणजे काय? जत्रेला नेतो म्हणाले आणि नेलं नाही, तर तुझं तोंड कसं होईल, तसा. पुढं या भाषेत कविता लिहायचं धाडस झालं, त्याचं बरंचसं श्रेय या फोड करून सांगण्याला आहे.

व्याख्येची एक अडचण जुनी आहे. शब्द सोपा आणि व्याख्या अवघड, असं होऊन बसतं. इंग्लंडच्या सॅम्युएल जॉन्सननं १७५५ मध्ये मोठा शब्दकोश काढला. त्यात 'नेटवर्क' म्हणजे साध्या जाळीच्या विणीची त्यानं केलेली व्याख्या इतकी जड आहे की लोक आजही तिचं नाव काढून हसतात. ज्याला भाषा येते त्याचं यावर भागतं. शिकणाऱ्यानं काय करायचं?

याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्याच उपखंडात काम करत होता. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावं, ही त्यांची तळमळ. १९३५ मध्ये त्यांनी एंडिकॉट यांच्यासोबत एक शब्दकोश काढला. त्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रचार समजावून सांगितले होते आणि त्यासाठी वापरलेले शब्द होते फक्त १४९०. तेवढे शब्द ज्याला येतात त्याला बाकीचं सगळं दार उघडं! जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डनं काढला, आणि 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून आज तो आपल्या ग्रंथालयांत दिसतो. लाँगमननं १९७८ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या मदतीनं 'कोबिल्ड' हा कोश आला, त्यात व्याख्या पूर्ण वाक्यात असते. तुम्ही असं असं करता तेव्हा त्याला हे म्हणतात, अशा थाटात. आमचे गुरुजी तेच करत होते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. 'पुट अप विथ' याचे तीन तुकडे करा. ठेवणे, वर, बरोबर. काय हाती लागलं? त्यापेक्षा असं सांगा: एखादी गोष्ट किंवा माणूस आवडत नाही, पण इलाज नाही म्हणून तुम्ही चालवून घेता, तेव्हा तुम्ही 'पुट अप विथ' करता. वरच्या मजल्यावरचा आवाज, साहेबाचा स्वभाव, सगळं यात बसतं. 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' या दोन्हींना आपण 'हार मानणे' म्हणतो. पण 'गिव्ह अप' करायला माणूस एकटा पुरतो. तो दमतो आणि प्रयत्न सोडतो. सिगारेट सोडली तरीही 'गिव्ह अप'च. 'गिव्ह इन'ला मात्र समोर कुणीतरी लागतं, ज्याच्या हट्टापुढे आपण नमतो. यात इंग्रजीचा काही खास दुष्टपणा नाही. हात देणे, हात दाखवणे, हात मारणे, हात टेकणे, हे एखाद्या परक्या माणसाला नुसत्या 'हँड'वरून समजावून दाखवा बरं!

हे केवळ परीक्षेपुरतं असतं तर मी इतका वेळ घेतला नसता. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, पेशंट 'स्टेबल' आहे. नातेवाईक हात जोडतात, बरा झाला म्हणून. 'स्टेबल' म्हणजे सध्या प्रकृतीत मोठा चढउतार नाही, इतकंच. गंभीर माणूसही 'स्टेबल' असू शकतो. 'नॉमिनी'चं तर विचारू नका. आपण सर्रास म्हणतो, खात्याला वारस लावला. नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या मागे रक्कम हाती घेण्यासाठी ज्याचं नाव दिलंय ती व्यक्ती. मालकी कुणाची, हा प्रश्न त्याहून वेगळा. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं की नॉमिनी असल्यामुळे कायदेशीर वारसांचा हक्क जात नाही. एका शब्दाचा चुकीचा अर्थ धरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

मग मराठी अर्थ टाकून द्यायचे का? मुळीच नाही. 'गार्लिक' म्हणजे लसूण, संपलं. तिथं कंदाचं वर्णन करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. वस्तू, भाज्या, जनावरं यांना बरोबरचं चिन्ह चालतं. मन, नातं, व्यवहार आणि कायदा आला की ते तोकडं पडतं. शिवाय व्याख्या इंग्रजीतच हवी असा माझा आग्रह नाही, सुरुवातीला ती मराठीत असली तरी चालेल. मोल्सवर्थसाहेबानं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला, तेव्हा आपल्या एकेका शब्दापुढे त्यानं इंग्रजीत ओळीच्या ओळी लिहिल्या. एका शब्दावर भागवणं त्यालाही जमलं नव्हतं.

घरी मुलं असतील तर वहीतली ती उभी रेघ पुसून पाहा. एका शब्दाला तीन ओळी द्या. पहिलीत त्याची सोपी फोड, दुसरीत तो कोण कुणाला बोलेल ते, तिसरीत मुलाच्या स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य. वाक्य पुस्तकातलं नको. आणि दिवसाला तीनच शब्द, जास्त नकोत. या चालीनं साधारण सोळा-सतरा महिन्यांत वेस्टच्या १४९० शब्दांएवढा साठा जमतो.