गंजलेला पत्रा बदलताना

पावसाळा सरला, की गाडी धुताना दाराखालच्या कडेला रंगाचे फोड दिसू लागतात. बोटाने दाबले, तर पापुद्रा निघतो आणि तांबूस भुगा गळतो. खानापूरकडचा पाऊस असो वा गोव्याचा खारा वारा, दोन्ही पत्र्याचे वैरीच. १९८३ ते २०१४ या काळात निघालेली मारुती ८०० आजही कित्येकांनी मायेने जपली आहे. अशा गाड्यांना हे दुखणे हमखास जडते.

गंज बहुधा आतून येतो. दाराखालचा पट्टा, म्हणजे सिल, आतून पोकळ असतो. निचऱ्याची भोके चिखलाने बुजली, की ओल आत कोंडते. वरून लांबी भरून रंग मारला, तर गाडी काही महिने छान दिसते. आतला पत्रा मात्र सडतच राहतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही. सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे सिल कुजली, तर अपघातात माणसांचे रक्षण करणारा आधारच जातो.

वेल्डिंगचा हात असेल, तर हे काम घरच्या अंगणातही होते. मात्र बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. खिडकीचे गज जोडणाऱ्या आर्क वेल्डिंगने त्याला भोकेच पडतात. येथे ०.६ मिलिमीटर तारेचे मिग मशीन हवे.

आधी बॅटरीची तार सोडवावी. सीट, गालिचा काढावा. पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल, तर तीही उतरवावी. गॅसवर चालणाऱ्या गाडीला घरी हात लावूच नये. गाडी सपाट जागी स्टँडवर भक्कम टेकवावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. सिल कापण्यापूर्वी आतून आधार द्यावा, नाहीतर बॉडी झुकते आणि मग दारच लागत नाही.

चकाकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत गंज कापावा. नवा तुकडा बसवून दार लावून पाहावे. मग दूरदूर टाके मारावेत. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. सलग ओढल्यास पत्रा तापून वाकतो. छपराच्या जस्ती पत्र्याचा तुकडा वापरू नये. त्याच्या धुराने ताप भरतो.

जोड घासून प्रायमर, सीलर लावावा. आत मेणाचा लेप फवारावा आणि निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत.

मुलांना जवळ फिरकू देऊ नका. तो प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिला, तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. काम संपल्यावर अर्धा तास तरी गाडीपाशी थांबा. आत ठिणगी धुमसत राहू शकते.

हे जमणार नसेल, तर खुशाल टिंकरकडे द्या. पण लांबी भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहा. खरे काम तेव्हाच दिसते.