अंशतः रद्द झालेला कार्यक्रम आणि तिकिटाचा परतावा

अंशतः रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या तिकिटाचा परतावा हा भारतातील ग्राहक कायदा व करार कायदा यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. नाटक, संगीत महोत्सव, क्रीडास्पर्धा किंवा चित्रपट यांचे तिकीट घेतल्यानंतर जाहीर केलेला काही भाग सादरच झाला नाही, तर तिकिटाच्या किमतीपैकी किती रक्कम परत मागता येते, हा त्याचा गाभा आहे. संपूर्ण कार्यक्रम रद्द झाला, तर पैसे परत करावेत याविषयी फारसा मतभेद नसतो. अर्धा कार्यक्रम झाल्यावर मात्र आयोजक झालेल्या भागाकडे बोट दाखवतो आणि प्रेक्षक न झालेल्या भागाकडे. या स्थितीसाठी भारतात स्वतंत्र कलम नाही. तिचे उत्तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ यांच्या सर्वसाधारण तरतुदींतून काढावे लागते.

स्वरूप

अंशतः रद्द होण्याचे ढोबळमानाने चार प्रकार आढळतात: अनेक दिवसांच्या महोत्सवातील एखादा दिवस न होणे, जाहीर केलेला प्रमुख कलाकार न येणे, कार्यक्रम मध्येच थांबणे आणि तिकिटात समाविष्ट असलेली सोय (ठरावीक आसन, भोजन, वाहनतळ इत्यादी) न मिळणे.

लवकर संपलेला कार्यक्रम हा रद्द झालेला कार्यक्रम नव्हे. पुण्याजवळील गहुंजे येथे भारत व न्यूझीलंड यांच्यातील कसोटी सामना २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी निकाली निघाला. असा सामना पूर्ण झालेला असतो. त्यामुळे पाचही दिवसांचे एकत्रित तिकीट घेतलेल्या प्रेक्षकाला सेवेत त्रुटी राहिली असे सहसा म्हणता येत नाही. चौथ्या दिवसाचे स्वतंत्र तिकीट असल्यास त्या तिकिटाच्या अटी पाहाव्या लागतात.

ग्राहक कायद्यातील आधार

२०१९ च्या अधिनियमातील ‘सेवा’ या व्याख्येत करमणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. विनामूल्य सेवा मात्र तिच्यातून वगळली आहे. म्हणून गावच्या यात्रेतील विनातिकीट कार्यक्रम अर्ध्यावर थांबला, तर या कायद्याखाली दाद मागता येत नाही. तिकीट काढणाऱ्याप्रमाणेच त्याच्या संमतीने तिकिटाचा लाभ घेणारी व्यक्तीही ‘ग्राहक’ ठरते. पुनर्विक्रीसाठी तिकिटे घेणारा ग्राहक ठरत नाही.

करारानुसार जे देण्याचे कबूल केले होते, त्यात उणीव राहणे म्हणजे ‘सेवेतील त्रुटी’. त्रुटीयुक्त सेवेचा मोबदला पावतीवर लिहिलेल्या मुदतीत परत करण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ होय. पावतीवर मुदत नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते.

करार कायद्यातील आधार

करार अधिनियमाच्या कलम ५६ नुसार, करार केल्यानंतर अशक्य झालेली गोष्ट करण्याचा करार शून्य होतो. कलम ६५ नुसार, करार शून्य झाल्यावर त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्याने आपली तत्त्वे समजावण्यासाठी रंगभूमीचीच उदाहरणे निवडली आहेत. कलम ५६ च्या एका उदाहरणात आगाऊ पैसे घेऊन सहा महिने अभिनय करण्याचा करार केलेला नट काही वेळा आजारी पडतो. तेव्हा संपूर्ण करार नव्हे, तर केवळ त्या प्रयोगांपुरता करार शून्य होतो. कलम ६५ च्या उदाहरणात आजारपणामुळे गाऊ न शकलेल्या गायकाला आयोजकाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई द्यावी लागत नाही. मात्र आगाऊ घेतलेले एक हजार रुपये परत करावे लागतात.

ही उदाहरणे कलाकार व आयोजक यांच्यातील व्यवहाराची आहेत. तरी त्यांतील तत्त्व प्रेक्षकालाही उपयोगी पडते: दोष कोणाचाही नसला, तरी न दिलेल्या गोष्टीचे पैसे ठेवून घेता येत नाहीत. आयोजकाचा दोष असल्यास कलम ७३ नुसार नुकसानभरपाईही मागता येते. तिच्यात प्रवासखर्चासारखे, स्वाभाविकपणे होणारे नुकसान येऊ शकते.

दोष कोणाचा, हे ठरवताना कारण आधीच ठाऊक होते का, हे महत्त्वाचे असते. ध्वनिक्षेपकावर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सर्वसाधारणतः बंदी असते. ३० एप्रिल २०२३ रोजी पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहाची मर्यादा ओलांडल्यामुळे पोलिसांनी थांबवला होता. अशी मर्यादा अवकाळी पावसासारखी अनपेक्षित नसते. तिच्यामुळे कार्यक्रमाचा मोठा भाग राहून गेला, तर आयोजकाला दैवाचा हवाला देणे कठीण जाते.

महत्त्वाचे निर्णय

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक वाद या विषयाच्या अगदी जवळचा आहे. २०१६ मधील ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत दाखवलेले गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील एका शिक्षिकेने तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च मंजूर केला आणि राष्ट्रीय आयोगाने तो आदेश कायम ठेवला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. जाहिरातपट हा स्वतः करार किंवा कराराचा प्रस्ताव नसून तिकीट खरेदी हा वेगळा व्यवहार आहे, तसेच कलेशी निगडित सेवेत सादरकर्त्याला काही स्वातंत्र्य असते, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयामुळे प्रेक्षकाच्या हक्काची मर्यादा स्पष्ट होते. केवळ जाहिरातीतून निर्माण झालेली अपेक्षा आणि तिकिटाद्वारे दिलेले वचन यांत फरक आहे. तिकिटावर नाव, तारीख व वेळ छापलेली असेल, तर प्रेक्षकाची बाजू बळकट होते.

इंग्लंडमधील १९०३ चे दोन निर्णयही अभ्यासले जातात. राजे सातवे एडवर्ड यांच्या आजारपणामुळे जून १९०२ मधील राज्यारोहणाची मिरवणूक लांबणीवर पडली. ती पाहण्यासाठी खोल्या भाड्याने घेणाऱ्या हेन्री यांना उरलेले भाडे देण्यातून मुक्तता मिळाली. याउलट नौदलाचे संचलन पाहण्यासाठी व ताफ्याभोवती फेरी मारण्यासाठी नौका ठरवणाऱ्या हटन यांना ती मिळाली नाही, कारण संचलन रद्द झाले तरी ताफा तेथेच होता. मूळ हेतू पूर्णपणे नष्ट झाला की त्याचा काही अंश उरला, हाच निकष ठरला.

रकमेचे मोजमाप

परताव्याचे ठरलेले सूत्र नाही. समजा, तीन दिवसांच्या महोत्सवाचे तिकीट ३,००० रुपयांचे आहे आणि एक दिवस झाला नाही, तर १,००० रुपये हा हिशेबाचा प्रारंभबिंदू होय. ज्या कलाकारासाठी तिकीट घेतले, तोच त्या दिवशी गाणार असेल, तर अधिक रकमेचा युक्तिवाद करता येतो. साथीदार बदलण्यासारखा किरकोळ बदल असेल, तर परतावा मिळण्याची शक्यता कमी असते.

ऑनलाइन तिकिटावरील सुविधा शुल्क हा वेगळा वाद आहे. महाराष्ट्र शासनाने चित्रपटगृहांना असे शुल्क घेण्यास मनाई करणारे आदेश २०१३ व २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते जुलै २०२५ मध्ये रद्द ठरवले. शुल्क आकारणे कायदेशीर असले, तरी कार्यक्रम न झाल्यास ते परत करावे का, हा प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही.

‘परतावा नाही’ ही अट

तिकिटावर अशी अट छापली म्हणून प्रत्येक दावा संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक ठरत नाहीत, असे म्हटले. ते प्रकरण सदनिकेचे होते, पण तत्त्व व्यापक आहे. अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून घ्यायची असल्यास मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे जावे लागते.

तक्रारीची पद्धत

प्रथम आयोजक व तिकीट विकणारे संकेतस्थळ यांना लेखी कळवावे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रारीचे निवारण करणे अपेक्षित आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

शेवटचा मार्ग जिल्हा आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. त्यामुळे भिवंडी तालुक्यातील पडघा येथील रहिवाशाने बंगळूरच्या आयोजकाविरुद्धही ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तिकीट, पैसे भरल्याची नोंद, कार्यक्रमपत्रिका आणि रद्द झाल्याची सूचना हे मुख्य पुरावे होत.

मर्यादा

एका तिकिटासाठी आयोगाच्या तारखांना हजर राहणे अनेकांना परवडत नाही. त्यामुळे बहुसंख्य प्रेक्षक दावाच करत नाहीत आणि छोट्या छोट्या रकमा आयोजकाकडेच राहतात. यावर कायद्यात दोन उपाय आहेत. समान हितसंबंध असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, तसेच ग्राहक संघटनाही तक्रारदार होऊ शकते. याशिवाय, २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ग्राहकवर्गाच्या वतीने स्वतःहून कारवाई करून परताव्याचा आदेश देऊ शकते.