शाळेतले पर्यावरण कोणत्या खात्याचे?

5 जून हा जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना कुलूप असते. उन्हाळ्याची सुटी संपून घंटा वाजते ती जूनच्या मध्यावर. तरीही शाळेतले पर्यावरण शिक्षण म्हटले की रोपाभोवती गोळा झालेली मुले आणि मागे धरलेला फलक, एवढेच डोळ्यांपुढे येते. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्याला, किंबहुना कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या साऱ्या कसमादे पट्ट्याला, हा विषय फोटोपुरता ठेवणे परवडणारे नाही. इथला कांदा, डाळिंब आणि मका विहिरीच्या पाण्यावर आणि धरणाच्या आवर्तनावर उभा आहे. म्हणून या विषयाभोवतीचे काही गैरसमज एकदा नीट दूर करायला हवेत.

गैरसमज : हा हौसेचा विषय आहे, शाळेला वाटले तर शिकवावा.

शाळेच्या मर्जीवर तो ठेवलेलाच नाही. ज्येष्ठ विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी आदेश दिला, की शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा. आदेश झाला, अंमलबजावणी रेंगाळली. मेहतांना पुन्हा न्यायालयात जावे लागले आणि 18 डिसेंबर 2003 रोजी न्यायालयाने राज्यांना व शिक्षणसंस्थांना पुन्हा बजावले. त्यानंतर एनसीईआरटीने इयत्तावार अभ्यासक्रम तयार केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आला, त्यात प्रकल्प आणि कार्यपुस्तिकेला महत्त्व दिले गेले. हे प्रकल्प दुकानातून विकत आणून चिकटवले जात असतील, तर तो दोष अभ्यासक्रमाचा नाही.

गैरसमज : हे काम पर्यावरण खात्याचे. फार तर शिक्षण खात्याचे.

हा गैरसमज सर्वांत खोल गेलेला आहे, आणि त्याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 48-क आणला आणि पर्यावरणाचे रक्षण राज्यसंस्थेकडे सोपवले; 51-क ने तेच नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य ठरवले. त्याच दुरुस्तीने शिक्षण आणि वने हे दोन विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत नेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हाती दिले. पाणी मात्र राज्याकडेच राहिले. तेव्हा ‘पाणी, झाडे आणि शाळा’ हे तीन शब्द एका वाक्यात आले, की किमान दोन सरकारे आणि चार-पाच खाती त्यात आलीच.

प्रत्यक्षातही तसेच आहे. पाठ्यपुस्तक बालभारतीचे. 2001-02 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सुरू केलेली राष्ट्रीय हरित सेना महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभागामार्फत शाळांत पोचली. शाळेतल्या इको क्लबसाठीचे अनुदान समग्र शिक्षा योजनेतून. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेले ‘माझी वसुंधरा’ अभियान राज्याच्या पर्यावरण विभागाचे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर ते ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींना गुण देते. त्याच नावाचा शालेय अभ्यासक्रम पर्यावरण विभाग, शालेय शिक्षण विभाग आणि युनिसेफ यांनी मिळून आणला.

कागदावर सहकार्य भरपूर आहे. खोट आहे ती सांध्यात. ही सगळी परिपत्रके शेवटी ज्या टेबलावर येऊन पडतात, ते टेबल जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत असते. प्रत्येक खात्याला स्वतःचा अहवाल आणि स्वतःचे छायाचित्र हवे असते. गुरुजी तेच रोप तीनदा दाखवतात आणि सहकार्य झाल्याची नोंद तीन ठिकाणी होते. खाती एकत्र आली असे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याच्या वर्गात उघडली जाईल.

गैरसमज : शेतकऱ्याच्या पोराला पर्यावरण काय शिकवायचे? ते शहरातल्या मुलांसाठी.

देवळ्याच्या शिवारातल्या मुलाला कांद्याची रोपे कधी उपटायची आणि ठिबकची नळी कुठे चोंदली हे कळते, यात शंका नाही. पण जे दिसत नाही ते शेतात वावरून कळत नाही, आणि इथले सर्वांत महत्त्वाचे पाणी दिसत नाही. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशासारखा सलग साठा इथे नसतो. त्यामुळे बोअर जितके खोल तितके पाणी जास्त, हा हिशेब या खडकात चालत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 ने 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली ती उगाच नाहीत. हा कायदा किती घरांत माहीत आहे, ते शाळेतल्या मुलांनीच विचारून पाहावे.

शेततळ्याचेही तसेच. शेततळे दिसले की जलसंधारण झाले, असे आपण धरून चालतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यातून जमिनीत थेंबही मुरत नाही; तो कागद त्यासाठीच असतो. ओढ्याचे वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात घेतले, तर ती साठवण झाली. पण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळे भरले, तर जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवले, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा वाटाही त्यात आला. डाळिंबाची बाग जगवण्यासाठी शेतकरी हे करतो, त्याची अडचण खरी आहे. तरीही मुलाला हा फरक कळला पाहिजे, कारण उद्या निर्णय त्याच्या हाती येणार आहे.

आता यात सरकार कुठे येते, ते पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून राज्यात काम करते. राज्यभर तिच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजली जाते. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे 13 जिल्हे घेतले, त्यांत नाशिक होता. त्या योजनेचा गाभाच मुळी गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा हा होता. हिवरे बाजार या गावाने तर पाऊस मोजून मग पीक ठरवण्याची रीत आधीच घालून दिली होती.

ही मोजणी शाळेला जमण्यासारखी आहे. कठडा असलेली एक विहीर निवडायची आणि कठड्यावर रंगाने कायमची खूण करायची. पंप बंद असताना, सकाळी, गुरुजी किंवा विहिरीचे मालक सोबत असताना वजन बांधलेला टेप त्या खुणेवरून सोडायचा. टेप पाण्याला लागला तिथे 11.40 मीटर दाखवत असेल आणि कठडा जमिनीपासून 0.90 मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखाली 10.50 मीटरवर आहे. वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. पावसाचा हिशेब याहून सोपा : 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, आणि शाळेच्या 100 चौरस मीटर छपरावर 100 लिटर. वर्गात क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

गैरसमज : नाशिक जिल्हा म्हणजे गोदावरीचे खोरे.

तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ बालभारतीने जिल्ह्यागणिक वेगळे काढले, ते चांगलेच झाले. पण जिल्हा मोठा आहे. चांदवडहून भावडबारीचा घाट उतरून देवळ्याकडे आलो, की आपण सातमाळा डोंगररांगेच्या उत्तरेला आलेलो असतो. इथले पाणी गिरणेला मिळते. गिरणा कळवणच्या डोंगरातून निघून, चणकापूरचे धरण भरून, लोहोणेरवरून मालेगाव आणि पुढे जळगाव जिल्ह्यात जाते, तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. गोदावरीचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यातल्या दोन शाळांचे सांडपाणी दोन वेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागते. देवळ्याच्या मुलाला गोदावरीवरचे रामकुंड ठाऊक असावे, पण आपल्या गावाच्या पाण्याची वाट आधी. गिरणा, मोसम, पांझरा या नद्यांच्या काठी बंधारे बांधून पाणी वाटून घेणारी फड पद्धत शतकानुशतके चालली. पाटकऱ्याने कोणाला किती वेळ पाणी द्यायचे, हे गावकीने ठरवायचे. पर्यावरण शिक्षण ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही पद्धत अभ्यासावी. युनेस्कोने 1977 मध्ये तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणाची जागतिक परिषद भरवली, हे खरे; पण तिच्या तीस वर्षांनंतरची परिषद 2007 मध्ये अहमदाबादलाच झाली.

झाडांबद्दल थोडक्यात. कोणतेही झाड कुठेही लावले म्हणजे पर्यावरण राखले, असे होत नाही. सातमाळ्याच्या पायथ्याची कुरणे ओसाड नसतात. गवत हेच तिथले पर्यावरण आहे, शेळ्यामेंढ्यांचे पोट आहे. लावायचेच असेल तर बाभूळ, हिवर, पळस, बोर, निंब लावा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतली किती जगली ते मोजा.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालकांचे बहुमत आहे. देवळा तालुक्यातल्या पालकांना माझे सांगणे एवढेच : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, कांद्याची रोपे टाकण्याच्या बेतात असतानाच, तीन गोष्टी मागा. भूजल यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे, आपल्या महसूल मंडळातल्या पावसाची नोंद आणि शाळेतल्या मुलांनी मोजलेली विहिरीची पातळी. तिन्ही आकडे शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहा, आणि कोणत्या खात्याने दिले नाहीत तेही लिहा.