तंबाखू, तोंड आणि पेशीचा सांगाडा

ताथवड्यातून बोलतोय. ऑफिसखालच्या टपरीवर माझा मित्र चहासोबत तंबाखू मळतो, म्हणून आजचा विषय: केराटिन.

आपल्या पेशीला आतून धाग्यांचा सांगाडा असतो. केराटिन हे त्यातलंच प्रथिन, प्रकार भरपूर. त्यातले केराटिन ८ आणि १८ निरोगी गालाच्या आतल्या अस्तरात सहसा नसतात. तोंडाच्या कर्करोगात मात्र बऱ्याचदा दिसतात. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये मिलिंद वैद्य यांच्या गटानं यावर बरंच काम केलंय.

पण हे दिसतं कसं? अँटिबॉडीमुळे! गाठीचा पातळ काप काचेवर घेतात. पहिली अँटिबॉडी केराटिन ८ लाच चिकटते. दुसरी, रंग घेऊन आलेली, पहिलीला चिकटते. मग मायक्रोस्कोपखाली केराटिन असलेल्याच पेशी रंगलेल्या दिसतात.

आमच्या कोडसारखं इथेही टेस्टिंग लागतं. एका काचेवर पहिली अँटिबॉडी मुद्दाम घालत नाहीत. तीही रंगली, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

मित्राला एवढंच म्हटलं, 'अरे, काचेवर तुझा काप यायची वाट बघू नकोस. पुडी आजच टाक.'