बर्फ काळपट का होतो? अर्धं उत्तर मी चुकवलं होतं

हेडफोन लावायला वेळ नाही, पण वाचायला दोन मिनिटं आहेत, अशांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

आधी एक कबुली. मागे एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो की हिमनद्यांवरचा बर्फ धूर आणि धुळीमुळे काळपट होतो. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं जिवंत आहे.

चला, ग्रीनलँडला जाऊ. १८७० साली नॉर्डेनशॉल्ड हा संशोधक तिथल्या बर्फावर फिरत होता. त्याला बर्फात छोटी छोटी भोकं दिसली, आणि तळाशी काळपट गाळ. या गाळाला त्याने 'क्रायोकोनाइट' नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून, अर्थ 'थंड धूळ'. बरोबरच्या बेरग्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाला बर्फाच्या पृष्ठभागावर जांभळट-तपकिरी शेवाळही सापडलं. डोळ्यांना एक पेशी दिसणार नाही इतकं बारीक.

आता हे शेवाळ जांभळं का? तिथे उन्हाळ्यात ऊन जवळजवळ चोवीस तास. आपण गॉगल लावतो, तसा ते गडद रंग अंगात बाळगतं. हा रंग जास्तीचा उजेड शोषतो आणि त्याची उष्णता करतो. त्या उष्णतेने आजूबाजूचा बर्फ वितळतो, आणि शेवाळाला वाढायला पाणी मिळतं.

उन्हात उभ्या केलेल्या बाईकच्या काळ्या सीटवर कधी पटकन बसलायत? मग हे गणित तुम्हाला कळलंच. ताजा पांढरा हिम ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. शेवाळाने माखलेला बर्फ त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचं ऊन बर्फातच मुरतं.

म्हणजे चक्र असं: हवा तापते, वरचा हिम लवकर जातो, खालचा बर्फ उघडा पडतो, शेवाळाला जास्त दिवस मिळतात, बर्फ अजून गडद होतो, अजून वितळतो. नैऋत्य ग्रीनलँडमध्ये शास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या उघड्या बर्फावरून वाहून गेलेल्या पाण्यापैकी साधारण १० ते १३ टक्के पाणी या शेवाळामुळे जास्तीचं वाहिलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी!

तुम्ही विचाराल, शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषतं ना, मग फायदाच की? शोषतं, बरोबर. पण त्याने बर्फ पुन्हा पांढरा होत नाही.

आपल्याला काय त्याचं? ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला, तर जगभरचा समुद्र सरासरी सुमारे ७ मीटर वर येईल. हे उद्या होणार नाही, त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतील. पण त्यातला थोडा भागसुद्धा मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्याला पुरेसा आहे. म्हणून पुढच्या अंदाजांमध्ये फक्त तापमान धरून चालत नाही, हे शेवाळही धरावं लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा. शेवाळाला व्हिलन करू नका. ते तिथे आपल्या कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याचा उन्हाळा लांबवला तो आपण, कोळसा आणि तेल जाळून.

माझी चूक दुरुस्त झाली. तुम्हाला अजून कुठे खटकलं, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!