जठराच्या वेशीवरचा पहारा

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे हे जन्मगाव. या गावात काय किंवा पलीकडच्या पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत काय, पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याची चिंता जुनीच आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तेव्हा या चिंतेने किती उग्र रूप घेतले हे तालुक्याला सांगायला नको. विहिरीत टीसीएल पावडर टाकणे, घरी आशाताईंनी दिलेले मेडिक्लोर वापरणे, पाणी उकळणे हे सारे आता अंगवळणी पडले आहे. मात्र त्याच घरांत, औषधांच्या डब्यात, आणखी एक वस्तू हल्ली कायमची वस्तीला आलेली असते: सकाळी उठल्याबरोबर घ्यायची आम्लपित्ताची गोळी. विहिरीचे गढूळ पाणी आणि ही गोळी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो प्रथम दिसला तो प्रयोगशाळेतील एका गिनीपिगच्या पोटात.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्यास आले. पटकीने दगावलेल्या रुग्णांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू सापडला. ज्या तळ्याचे पाणी लोक पीत होते त्या तळ्यातही तो आढळला. पुरावा जवळजवळ पूर्ण होता. उणीव एकच राहिली होती. हा जिवाणू प्राण्यांना खाऊ घातला तर त्यांना पटकी व्हायला हवी होती, आणि ती काही केल्या होत नव्हती. उंदीर, माकडे, मांजरे जिवाणू गिळून खुशाल हिंडत राहत. पुढे बर्लिनमध्ये कॉख यांनी निराळी युक्ती केली. गिनीपिगच्या जठरातील आम्ल आधी सोड्याच्या द्रावणाने शमवले, आतड्यांची हालचाल मंदावावी म्हणून अफूचा अर्क टोचला आणि मग जिवाणू दिले. आता मात्र प्राणी आजारी पडले. याचा सरळ अर्थ असा की रोगाच्या वाटेत जठराचे आम्ल उभे होते. ते बाजूला सारल्याशिवाय पटकीला आत प्रवेश नव्हता.

या विषयाचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. म्यूनिकचे मॅक्स फॉन पेटेनकोफर यांना कॉख यांचे मत मान्य नव्हते. १८९२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जिवाणूंचे द्रावण सर्वांदेखत पिऊन टाकले. पण त्याआधी त्यांनीही सोडा घेतला, आम्लाने जिवाणू मारले असा आक्षेप कुणी घेऊ नये म्हणून. त्यांना थोडे जुलाब झाले आणि ते बचावले. पुढे अमेरिकेतील मेरीलँड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत हीच गोष्ट आकड्यांत दिसली: आम्ल शाबूत असताना संसर्ग घडवायला जितके जिवाणू लागत, त्याच्या हजारो पटींनी कमी जिवाणू सोडा घेतल्यावर पुरेसे होत.

तिसरा प्रसंग आपल्या काळातला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या अस्तरात नागमोडी जिवाणू दिसले. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांना वाटे की जठरदाह व अल्सर यांचे मूळ हेच. सिद्ध करण्यासाठी त्यांनी डुकरांच्या पिलांना तो जिवाणू पाजून पाहिला. पिले दाद देईनात. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच तो प्याला तोंडाला लावला. त्यापूर्वी त्यांनी काय घेतले होते? आम्ल कमी करणारे सिमेटिडीन. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. दुर्बिणीतून जठराचा दाह दिसला. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या शोधासाठी दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू मोठा वस्ताद आहे. युरियापासून अमोनिया तयार करून तो आपल्याभोवती आम्ल शमवणारे कवच उभे करतो. म्हणजे कॉख यांनी जे सोड्याने केले, ते हा स्वतःच करून घेतो. भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास देत नाही. तेव्हा त्याच्या नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्यांचे ‘पित्त’ वर्षानुवर्षे हटत नाही, ज्यांना अल्सर झालेला आहे किंवा जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग आहे, त्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. एक व्यावहारिक बाब पुष्कळांना ठाऊक नसते: ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांसारख्या गोळ्या चालू असताना ही तपासणी फसते, जिवाणू असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात.

आणि याच गोळ्या डब्यातल्या त्या कायमच्या पाहुण्या. त्या वाईट आहेत असे मुळीच नाही. अल्सरच्या रुग्णाला, रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या वयस्करांना त्या रक्तस्रावापासून वाचवतात. अशांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये. प्रश्न आहे तो लग्नातले जेवण जड झाले म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे तीन वर्षे कुणीच न थांबवलेल्या गोळीचा. अशा गोळ्या नियमित घेणाऱ्यांत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जिवाणूंचे आतड्याचे संसर्ग अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वेशीवरचा पहारेकरी आपणच निजवलेला असतो, आणि बाहेर पावसाळा असतो. शिवाय गोळी एकाएकी सोडली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि ‘गोळीशिवाय आपले चालतच नाही’ असा ग्रह होतो. म्हणून तीही विचारून, हळूहळू उतरवावी.

प्राण्यांवरील प्रयोगांनी वाट दाखवली तशी चकवाही दिला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पटकीची लस तयार केली. १८९६ मध्ये प्लेगसाठी ते मुंबईस आले, आणि परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. पटकीच्या जिवाणूची तीव्रता वाढवण्यासाठी त्यांनी तो एका गिनीपिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्याच्या उदरपोकळीत, असा फिरवला होता. त्या लशीने असंख्य माणसांना धीर दिला. पंढरपूरच्या वारकऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. पण उदरपोकळी म्हणजे आतडे नव्हे. रक्तात व पोकळीत जिवाणूशी लढण्याची तयारी आतड्याच्या आत फारशी कामी येत नाही. टोचून द्यायच्या त्या लशीचे संरक्षण अपुरे आणि अल्पजीवी ठरले, आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांवरील तिची अट काढून टाकली. आजच्या पटकीच्या लशी तोंडावाटे देतात, त्या याच कारणाने.

ही चूक दुरुस्त केली ती कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. खर्चिक उपकरणे नाहीत, मोठा चमू नाही. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक छोटा भाग पोटातच ठेवून दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जिवाणू सोडले. शेजारचा तसाच भाग तुलनेसाठी जिवाणूंविना ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिला भाग तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगला होता, दुसरा रिकामा. पुढे १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव घातला. तरीही आतडे भरून आले. म्हणजे जिवाणू आतडे खात नव्हता, तो एक विष सोडत होता आणि ते विष आतड्याच्या पेशींना पाणी ओतायला लावत होते. त्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले आणि अस्तर जागच्या जागी असल्याचे दिसले. इतका मोठा शोध लावूनही डे यांना मायदेशात हयातीत फारसा मान मिळाला नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

अस्तर शाबूत आहे, या एका गोष्टीत आजची जलसंजीवनी दडलेली होती. साखर आणि मीठ एकत्र दिले की आतड्याची पेशी दोन्ही एकाच दाराने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. विषाने बाहेर ओतण्याचा नळ उघडा ठेवलेला असला, तरी आत घेण्याचे हे दार बंद झालेले नसते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे द्रावण कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आपल्याकडे जुलाबात मीठ घातलेली तांदळाची पेज देण्याची रीत आहे, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. पेजेतल्या पिष्टातून साखर सावकाश सुटत राहते.

जुलाब लागल्यावर घरात दुसरा मोह होतो तो उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा. त्याबाबत शिकागो विद्यापीठातील उंदरांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. मार्जोरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी १९५० नंतरच्या काळात दाखवले की निरोगी उंदराला साल्मोनेलाचा संसर्ग व्हायला सुमारे एक लाख जिवाणू लागतात. त्याला स्ट्रेप्टोमायसिनची मात्रा दिली की दहापेक्षाही कमी पुरतात. औषधाने आतड्यात नांदणारे रहिवासी जिवाणू हुसकले आणि जागा मोकळी झाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. माणसाच्या विषमज्वराचा जिवाणू तर उंदराला बाधतही नाही. पण अनावश्यक प्रतिजैविकानंतर पोट महिनाभर बिघडलेले राहते, याचा अनुभव असलेल्यांना या उंदरांची गोष्ट अनोळखी वाटणार नाही. साध्या पाण्यासारख्या जुलाबांत बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरज नसते.

तेव्हा पावसाळ्यात डब्यात जलसंजीवनीच्या पुड्या हव्यात. पुडीवर लिहिलेल्या मापानेच, बहुधा एक लिटर, उकळून निववलेल्या पाण्यात ती कालवावी आणि चोवीस तासांत संपवावी. अर्धी पुडी अंदाजाने एका पेल्यात टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, लहान. बाळाला अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मुलांना जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या थांबवू नयेत. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा उलट्यांमुळे द्रावण पोटात ठरत नसेल, तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता तडक आरोग्य केंद्र गाठावे, आणि वाटेतही घोट घोट पाजत राहावे.