केबल तुटल्यानंतरचे ते ४० सेकंद
नंदुरबार : शहादा तालुक्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. आज रेशन दुकानात अंगठ्याची पडताळणी करायची असो वा बँकेतून पैसे काढायचे असोत, सातपुड्यातील गावकऱ्यांचा व्यवहार दूरवरच्या सर्व्हरशी असलेल्या जोडणीवर अवलंबून असतो. रस्त्याच्या खोदकामात ऑप्टिकल फायबर केबल तुटली, की ती जोडणी खंडित होते. पर्यायी मार्ग असला, तरी वाहतूक तिकडे वळण्यास कधी कधी ४० सेकंद जातात. हा विलंब येतो कोठून?

मोठ्या नेटवर्कमधील राऊटर व स्विच मार्ग ठरविण्यासाठी ‘ओएसपीएफ’सारखा लिंक-स्टेट प्रोटोकॉल वापरतात. प्रत्येक उपकरण आपल्या जोडण्यांची माहिती इतरांना कळविते. त्यातून साऱ्या जाळ्याचा नकाशा प्रत्येकाकडे तयार होतो आणि डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जवळचा मार्ग काढला जातो. शेजारचे उपकरण सुरू आहे ना, हे कळण्यासाठी सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ संदेश जातो. ४० सेकंदांत एकही हॅलो आला नाही, तर शेजारी बंद पडल्याचे मानले जाते. ही मुदत म्हणजे ‘डेड इंटरव्हल’.

केबल थेट स्विचला जोडलेली असेल, तर प्रकाश थांबताच पोर्ट बंद पडते. टायमरची वाट पाहावी लागत नाही. अडचण येते ती मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा अन्य कंपनीचे उपकरण असेल तेव्हा. पलीकडे केबल तुटलेली असते, अलीकडचे पोर्ट मात्र सुरूच दिसते. तोवर पाठविलेला डेटा वाया जातो.

मग हॅलो १ सेकंदावर आणि डेड इंटरव्हल ४ सेकंदांवर आणला तर? तसे करता येते. पण उतावीळपणा येथे महागात पडतो. स्विचच्या प्रोसेसरवर ताण आला आणि लागोपाठ चार हॅलो हुकले, तर धडधाकट जोडणीही तुटल्याचे जाहीर होते आणि सारे जाळे नव्याने गणित मांडू लागते. अतिजलद निदान हवे असल्यास २०१० मध्ये प्रमाणित झालेली ‘बीएफडी’ ही स्वतंत्र यंत्रणा अधिक योग्य ठरते.

अर्थात, दुसरा मार्गच नसेल तर टायमर काय करणार? केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडण्याची तरतूद आहे. वर्तुळात एक बाजू तुटली, तरी दुसरी उरते.

अशा जाळ्यात टायमर बदलताना एक पथ्य पाळावे लागते. दोन्ही टोकांची मूल्ये तंतोतंत जुळली पाहिजेत, अन्यथा शेजार मोडतो. समजा, नंदुरबारहून धडगावच्या स्विचवर बदल करायचा आहे आणि तेथे पोहोचण्यास तोच एक दुवा आहे. अशा वेळी आधी धडगावचे टोक बदलावे, मग नंदुरबारचे. क्रम उलटा झाला आणि दुवा तुटला, तर दूरचे टोक हाताबाहेर जाते आणि अभियंत्याला लॅपटॉप घेऊन घाट चढावा लागतो.